झूम नसलेली लेन्स

आक्का,

काल दुपारी भोरहून स्टुडिओवाल्या मामांचा फोन आला. उद्या नदीवर तुमचा दहावा. त्याच्या आत फोटोची फ्रेम व्हायला पाहिजे, म्हणून मी सकाळीच त्यांना मोबाईलवर तुमचा एक फोटो पाठवून ठेवला होता. कशा गेल्या, अचानकच झालं, लई वाईट झालं, असं सगळं बोलून झालं. मग त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "संगीताताई, कपाळावरचं कुंकू ठेवायचं का काढायचं?"

त्यांच्या धंद्यात हा नेहमीचा प्रश्न आहे. बाई सवाष्ण गेली आणि फोटोत कुंकू फिकं दिसत असलं, तर ते गडद करून देतात. नवरा आधी गेलेला असला आणि घरच्यांकडं बाईचा जुनाच फोटो असला, तर ते पुसून देतात. "दोन मिनिटांचं काम हाय," ते म्हणाले. "कुठं होतं ते कळत बी न्हाई."

मी म्हटलं, घरात विचारून सांगते. आणि मोबाईल तसाच हातात धरून न्हाणीपाशी उभी राहिले. कारण घरात तो फोटो मी कुणालाच दाखवलेला नव्हता. तुम्हालासुद्धा नाही.

तुमचा राग येतो मला, खरंच सांगते. छातीत कळ आली आणि भोरच्या दवाखान्यात पोचेस्तोवर सगळं संपलं, मान्य. ते कुणाच्या हातात नसतं. पण एवढी बारशी, एवढी डोहाळजेवणं टिपलीत, अख्ख्या भोंगवलीतल्या बायका तुमच्या कॅमेऱ्याच्या कार्डात हसत बसल्यात, आणि स्वतःचा एक धड फोटो ठेवू नये माणसानं? आधार कार्डावरचा आहे. त्यात तुम्ही तुम्ही वाटतच नाही, रेशनच्या रांगेतून ओढून आणलेली कुणी बाई वाटते. मी कधी मोबाईल रोखला की तोंडापुढं हात धरायचात. "माझा कशाला काढती, मी काय नवरी हाय?" घ्या आता. आता मलाच निस्तरावं लागतंय.

मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा मोठे भाऊजी, तुमचे मालक, होते. दुसऱ्याच वर्षी ते गेले आणि त्यानंतर गावात कुठं हळदीकुंकू असलं की निरोप यायचा, "धाकटीला पाठवा." तुम्हाला कुणी येऊ नका असं तोंडावर म्हटलेलं मी ऐकलं नाही. तशी वेळच यायची नाही. कार्यात तुम्ही आपल्या आपणच चुलीकडं जायचात. पोळ्या लाटायला तुम्ही, पंगत वाढायला तुम्ही, भांडी मोजून परत द्यायला तुम्ही, आणि ओटी भरायला मी. ओटी भरताना मी मागं वळून बघायचे, तर तुम्ही स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभ्या. मला बघून हातानं खूण करायचात, पदर नीट घे म्हणून. मला लाज वाटायची आणि मी पदर नीट घ्यायचे.

फोटोचं वेड त्या चौकटीतूनच सुरू झालं. शेजारच्या पोरीच्या बाळाच्या बारशाला फोटोग्राफर आला, चांगला भला माणूस, पण बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यावर बायकांनी जे पदर ओढले ते तो जाईस्तोवर सोडले नाहीत. सगळ्या फोटोत नुसती नाकं. तुम्ही माझा मोबाईल घेऊन चौकटीतून चार-दोन काढलेत, त्यात बाळाच्या आत्याबाई हसतायत, बाळाची आजी काजळाचं बोट पुसतीय, बाळंतीण बाळाकडं बघतीय. दुसऱ्या दिवशी त्या पोरीची आईच दारात. "आक्का, आता समद्या कार्याला तुमीच काढा. तुमच्याम्होरं लाजायचं काय कारण न्हाई."

मी म्हटलं, मोबाईल आहे की, आणखी काय पाहिजे. तुम्ही म्हणालात, "मोबाईल समद्यांकडं हाय. मोबाईल हातात असला की बाई काम करती असं कुणी म्हणत न्हाई."

मग आपण भोरला गेलो, तो दिवस मला अगदी डोळ्यापुढं आहे. स्टुडिओवाल्या मामांनी नव्या तऱ्हेचे, आत आरसा नसलेले कॅमेरे घेतले होते आणि आपले जुने डीएसएलआर विकायला काढले होते. काचेवर दोन मांडले. एक लहान, हलका, त्याला पुढंमागं होणारी झूमची लेन्स. दुसरा काळा, जाडजूड, धरायला मूठ असलेला, आणि त्याला आखूड लेन्स, पन्नासची म्हणतात ती. मामा म्हणाले, "वहिनी, पयलाच घेताय, तर ह्यो ल्हानगा घ्या. मान दुखायची न्हाई. कोपऱ्यात एका जागी उभं ऱ्हायचं, ही रिंग फिरवली की लांबचं जवळ येतं. कुणाला आपली अडचण न्हाई."

"आन ह्यो?"

"ह्याच्यात चेहरे झ्याक येत्यात. घरात उजेड कमी असला तरी येत्यात. पण झूम न्हाई. जवळचं पायजे तर तुमालाच पुढं जावं लागतं."

तुम्ही तो उचललात. डोळ्याला लावलात, माझ्याकडं वळवलात आणि एक-एक पाऊल टाकत पुढं आलात, ते पार माझ्या नाकाला लेन्स टेकेस्तोवर. खटाक असा आवाज झाला. मी दचकले, मामा हसले. तुम्ही हसला नाहीत. "ह्योच द्या," म्हणालात.

एसटीत सारोळ्यापर्यंत भांडलो आपण. मी म्हणत होते, आक्का, त्या पन्नासमध्ये पाळणासुद्धा धड मावायचा नाही, ग्रुप फोटोला काय करणार, वजनानं गळा वाकेल, आणि मामा काय वेडे आहेत का, सगळे पहिला कॅमेरा घेताना झूमचाच घेतात. तुम्ही पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होतात. शेवटी म्हणालात, "कोपऱ्यात उभं ऱ्हायला क्यामेरा कशाला पायजे गं? कोपरा हायच की आपला." मी हसले. पुढच्या सीटवरची बाईसुद्धा हसली. मला वाटलं आक्कांनी टोला मारला. मनात मात्र म्हटलं, मोठा डबा गळ्यात घालून मिरवायचंय ह्यांना, दुसरं काय.

आणि ग्रुप फोटोचं म्हणाल तर मीच बरोबर होते, हे आता तरी कबूल करा. खोलीत बायका मावायच्या, तुमच्या लेन्समध्ये मावायच्या नाहीत. मग तुम्ही मागं मागं सरकत ओसरीवर, ओसरीवरून अंगणात, आणि एकदा तर थेट म्हशीच्या घमेल्यात पाय. "हलू नगा, हलू नगा," तुम्ही ओरडताय, आणि समोर सगळ्या बायका पोट धरून हसतायत. तो फोटो तुमचा सगळ्यात चांगला आलेला ग्रुप फोटो आहे. पण त्यात लेन्सची करामत काही नाही, म्हशीची आहे.

मामांनी बजावलं होतं, इकडची हवा दमट, पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. तर तुम्ही आत्यांचा पापडाचा घट्ट झाकणाचा डबा रिकामा केलात, तळाशी तांदळाची पुरचुंडी ठेवलीत आणि कॅमेरा त्यात. आत्या म्हणजे आपल्या सासूबाई, त्यांच्या डब्याला हात लावायची माझी कधी टाप नव्हती. "पापड कुठं ठिवू, डोसक्यावर?" आत्या दोन दिवस बोलत होत्या. तुम्ही ऐकून घेतलंत आणि डबा परत दिला नाहीत. मलासुद्धा कॅमेऱ्याजवळ फिरकू द्यायचा नाहीत. बटणं शिकवा म्हटलं की, "आधी उजेड कुठनं येतोय ते बघायला शिक, बटणं पळून जात न्हाईत." बटणं नाही पळाली, आक्का. तुम्हीच गेलात.

आता त्या फोटोचं सांगते.

गेल्या माघात वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याला एक डोहाळजेवण होतं, आठवतं ना. नसरापुरातून वडापच्या जीपनं गेलो. पोरगी फुलांच्या दागिन्यांत पाटावर बसलेली. ओटी भरायला बायकांची रांग, आणि तुम्ही त्या रांगेत अर्ध्या घुसलेल्या. झूम नाही ना, जवळ जायलाच लागायचं. एक डोळा कॅमेऱ्याला, गळ्यात तो रुंद पट्टा, वर दिसतंय ते नुसतं कपाळ. पोरीची मावशी हळदीकुंकवाचं ताट घेऊन रांगेतल्या एकेकीला लावत येत होती. तोंड एकीकडं, हात एकीकडं. हिला लावलं, तिला लावलं, आणि तुमच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं आणि पुढच्या बाईकडं वळली.

भिंतीकडं उभी असलेली एक आपल्या भोंगवलीची लेक, तिकडं दिलेली. तिनं बघितलं. "अगं बया! मावशे, कुणाला लावलंस?"

रांग जागीच थांबली. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या तेवढ्याच. मावशीनं वळून तुमच्याकडं बघितलं, पट्ट्याखालचा मोकळा गळा तिला तेव्हा दिसला. तोंड पांढरंफटक पडलं बिचारीचं. "चुकलं ओ आक्का, म्या बघितलंच न्हाई," असं म्हणत तिनं पदराचं टोक पुढं केलं, पुसायला.

तुम्ही कॅमेरा खाली घेतलात. दुसऱ्या हातानं तिचा हात धरलात आणि बाजूला केलात.

"ऱ्हाऊ दे," म्हणालात. "ताट सरळ धर, कुंकू सांडतंय. मला फोटू काढायचाय."

मी तेवढ्यात मोबाईलवर टिपलं. का टिपलं माहीत नाही, हात आपोआप गेला. कॅमेरा छातीशी, मूठ घट्ट, कुंकू जरा डावीकडं सरकलेलं, आणि तुम्ही तोंडापुढं हात न धरता सरळ बघताय. हसत नाही आहात. पण तुम्हाला असं मी कधी बघितलेलं नाही, भाऊजी असतानासुद्धा नाही.

कार्य संपेपर्यंत तुम्ही ते कपाळ घेऊन वावरलात. पाटापाशी, देवापाशी, पंगतीत. बोलायचा धीर कुणाला होणार होता, तुम्ही सगळ्यांना हुकूम सोडत होतात, "हिकडं सरक, मान वर, परत लाव, डोळं मिटलं." परतताना जीपमध्ये तुम्ही माझ्या शेजारी होतात आणि मी एक शब्द बोलले नाही. भीती वाटली, बोलले तर ते पुसून टाकाल. सारोळ्याला उतरल्यावर तुम्हीच नळाशी गेलात, तोंड धुतलंत, पदरानं कपाळ खसखसून पुसलंत. मी म्हटलं, "आक्का..." तुम्ही म्हणालात, "चल बिगीबिगी, धारंची येळ झाली, आत्या वाट बघत असत्याल."

संपलं. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मला विचारायचं होतं, कसं वाटलं हो? एवढंच. पापड लाटताना विचारू म्हटलं, भुईमूग निवडताना विचारू म्हटलं. तुमच्याशी मी कशावरही भांडले असते, लेन्सवर भांडले, पातळाच्या काठावर भांडले, हे मात्र जिभेवर येऊन परत जायचं.

तुम्हाला शेवटची आंघोळ घातली तेव्हाही माझ्या मनात आलं होतं. कुंकवाचा करंडा फडताळात होता, हाताच्या अंतरावर. गावातल्या बायका भोवती होत्या, आत्या उशाशी होत्या. माझा हात उचलला गेला नाही. म्हणून काल सकाळी उठून कुणाला न विचारता मामांना तोच फोटो पाठवला, आणि मामांनी आपलाच कॅमेरा ओळखला. भाऊजी असतानाचा हा फोटो नाही, हे त्यांना कळलं. म्हणून घसा साफ केला त्यांनी.

फोन आल्यावर आधी ह्यांना दाखवला. तुमच्या धाकट्या दिराचं तुम्हाला माहीतच आहे. "झ्याक आलाय वहिनीचा," म्हणाले. मग कपाळाकडं लक्ष गेलं, आणि मोबाईल माझ्या हातात परत. "आईला इचार बाई. उद्या सगळी भावकी असणार."

आईला विचार म्हणे. भाऊजी गेले तेव्हा तुमचं कुंकू पुसायला आत्याच पुढं झाल्या होत्या. मामंजी आधीच गेलेले, आत्यांचं कपाळ आधीच मोकळं, म्हणून रीतीनं ते काम त्यांच्याकडं आलं. मी नवी सून, दाराआडून बघत होते. तुम्ही मान खाली घातली नव्हतीत आणि आत्यांचा हात जड पडला होता, एवढं मला दिसलं. त्या बाईपुढं हा फोटो कुठल्या तोंडानं धरू?

पण धरला. संध्याकाळी आत्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुम्ही गेल्यापासून त्या तशाच बसतात, ना रडतात ना बोलतात. मी शेजारी बसले आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"मोठं कर जरा. कपाळ मोठं कर."

मी केलं.

"कुणी लावलं?"

मी सगळं सांगितलं. वेल्ह्याचं डोहाळजेवण, रांग, मावशीचं ताट, काही मागं ठेवलं नाही. "तिनं चुकून लावलं, आत्या."

"आन हिनं पुसलं न्हाई?"

"कार्य सरंस्तोवर न्हाई. सारोळ्याला उतरल्यावर धुतलं." मग माझ्या तोंडातून निघून गेलं, "तुमाला दिसंल म्हणून."

मला वाटलं, आता फोन भिरकावतात. त्यांनी अंगठ्यानं काच पुसली, तर फोटो सरकला आणि दुसराच कुठला तरी आला. "आण माघारी, आण तिला माघारी," असं घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या. मी परत आणला. मग म्हणाल्या, "भोरवाल्याला सांग, हात लावू नगं म्हणावं. एकदा पुसलंय म्या. आता कुणी पुसायचं न्हाई."

आणि रडल्या, आक्का. मोठ्यानं रडल्या, पदर तोंडात कोंबून. हे गोठ्यातून धावत आले, काय झालं म्हणून. मी त्यांना हातानंच थांबवलं. मग आम्ही दोघी रडलो. सुतकाच्या घरात रडायला काही चोरी नसते, तेवढं एक बरं असतं.

मामांना फोन केला, ठेवा म्हटलं. ते म्हणाले, "मी अजून काढलंच न्हवतं. म्हटलं आधी तुमचा फोन येऊ दे."

आज सकाळच्या एसटीत कंडक्टरच्या हाती फ्रेम आली. नदीवर भावकीत कुजबुज होईल, होऊ दे. आत्या मध्यभागी बसणार आहेत, त्यांच्यापुढं बोलून दाखवावं कुणी. तुम्ही मात्र तिथं असायला पाहिजे होतात. तुमच्याशिवाय कार्याला जायची मला सवय नाही, आणि हे तर तुमचंच कार्य. मी गर्दीत कुणाकडं बघू?

फ्रेम आल्यापासून आत्यांनी ती मांडीवरच ठेवली होती. दुपारी मी पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, "संगे, त्यो क्यामेरा चालतोय न्हवं?"

"चालतोय की."

"तुला येतोय चालवाय?"

"थोडा थोडा."

"मग सुतक फिटलं की माझा बी एक काढून ठिव. म्या गेल्यावर धावाधाव नगं." मग बराच वेळ फ्रेमच्या काचेवरून बोट फिरवत राहिल्या. वर न बघताच म्हणाल्या, "कुंकू लावून काढ. तूच लाव. चुकून नगं, नीट लाव."

मी व्हय म्हणाले, आक्का.